जाणकारांच्या वर्तुळाबाहेर: छोट्या कंप्युटर कंपनीने सर्वसामान्य ग्राहक कसा मिळवावा

यंत्राचं मागचं झाकण उघडून आत काय आहे ते बघणारा ग्राहक छोट्या कंपनीला आपणहून शोधत येतो. तो चार महिने थांबतो, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः बसवतो, काही बिघडलं तर कारण शोधून कंपनीलाच कळवतो. त्याच्या जिवावर वर्षाला काही शे ते दोन-तीन हजार यंत्रं विकली जातात आणि मग आकडा तिथेच अडकतो. उरलेल्या बाजारातला माणूस वेबसाइटवर येतो, पाच मिनिटं वाचतो आणि नेहमीच्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन मोकळा होतो.

या अडकण्याचा उलगडा बहुतेक कंपन्या जाहिरातीत शोधतात. पण जाणकार ग्राहक आवडत्या गुणासाठी त्रास सोसायला तयार असतो, आणि सर्वसामान्य ग्राहक त्रास होणार नाही याचेच पैसे मोजतो. त्याला पटवायचं म्हणजे त्याच्या मनातल्या धास्ती एकेक करून काढायच्या, आणि त्याही ठरावीक क्रमाने. यंत्र दुरुस्त करता येणारं असो, लिनक्सवर (विंडोजऐवजीच्या मोफत, खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालणारं असो, खुल्या फर्मवेअरचं (भागांतच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचं) असो की पंखा नसलेलं निःशब्द असो, क्रम साधारण हाच राहतो.

पायरी १: घेता घेता राहिलेल्यांना विचारा

सध्याच्या ग्राहकांना 'आणखी काय हवं' असं विचारू नका. ते आणखी पोर्ट मागतील, आणखी मेमरी मागतील, आणि यंत्र अधिकच त्यांच्यापुरतं होत जाईल. कामाची माहिती तीन ठिकाणी पडलेली असते: खरेदीच्या शेवटच्या पानावरून परत गेलेले लोक, विक्रीपूर्व प्रश्न विचारून गप्प झालेले लोक, आणि ३० दिवसांच्या आत यंत्र परत करणारे लोक. प्रत्येक गटातल्या ८-१० जणांशी फोनवर २० मिनिटं बोला. प्रश्न मोजकेच ठेवा: शेवटी कुठलं यंत्र घेतलं? आमचं का नाही? त्या दिवशी कोणाचा सल्ला घेतला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. कंप्युटर घेताना बहुतेक लोक घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या 'त्यातलं कळणाऱ्या' माणसाला विचारतात, आणि तो माणूस कित्येकदा तुमचाच ग्राहक असतो. गंमत म्हणजे तो स्वतः तुमचं यंत्र वापरतो, पण बहिणीला मात्र दुसऱ्या कंपनीचं घ्यायला सांगतो. कारण साधं आहे. तुमचं सुचवलं तर पुढची तीन वर्षं प्रत्येक फोन त्यालाच येणार. हा माणूस ज्या दिवशी निर्धास्तपणे 'हे घे, अडलं तर कंपनीला फोन कर' असं म्हणेल, त्या दिवशी तुम्हाला फुकटात विक्रेता मिळाला. पुढच्या पायऱ्या बऱ्याच अंशी याच माणसासाठी आहेत.

पायरी २: एकच गट निवडा

'सर्वसामान्य ग्राहक' नावाचा कोणी नसतो. हिशेबनीस असतो, शिक्षिका असते, अनुवादक असतो, १२ जणांचं ऑफिस चालवणारी व्यवस्थापक असते. पहिल्या वर्षासाठी यांतला एकच गट घ्या. गट तीन कसोट्यांवर पारखा. त्याचं काम १५-२० कृतींच्या यादीत मावतं का? त्यातली माणसं एकमेकांशी बोलतात का? आणि तुमचा खास गुण त्यांच्या एखाद्या खऱ्या दुखण्यावर उतारा आहे का?

गूगलच्या क्रोमबुक लॅपटॉपचं उदाहरण बघा. २०११ मध्ये पहिली यंत्रं आली तेव्हा इंटरनेटशिवाय फारसं काही न करणारा लॅपटॉप म्हणून त्यांची थट्टा झाली. पण अमेरिकेतल्या शाळांना नेमकं तेच हवं होतं: स्वस्त, एका जागेवरून शेकडो यंत्रं सांभाळता येतील असं, आणि विद्यार्थ्याने काही बिघडवलं तर काही मिनिटांत पूर्ववत होणारं. घराघरांत जाण्याआधी ती यंत्रं वर्गांत स्थिरावली.

उलट उदाहरण स्टीव्ह जॉब्जने ॲपल सोडल्यावर काढलेल्या नेक्स्ट कंपनीचं. १९८८ मध्ये आलेला त्यांचा संगणक विद्यापीठांसाठी होता, किंमत ६,५०० डॉलर. यंत्र काळाच्या पुढचं होतं, पण ज्या विद्यार्थ्यांसाठी ते बनवलं त्यांना ते परवडत नव्हतं. शिवाय त्यात फ्लॉपीऐवजी मॅग्नेटो-ऑप्टिकल ड्राइव्ह असल्याने शेजारच्या यंत्राशी फाइलींची देवाणघेवाणही अवघड होती. १९९३ मध्ये कंपनीने यंत्रं बनवणं थांबवलं.

पायरी ३: कृतींची यादी आणि ती पार पाडणारं यंत्र

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे जायला हवा, आणि नेमकं इथेच बहुतेक कंपन्या घाई करतात.

निवडलेल्या गटातल्या पाच जणांच्या शेजारी एक पूर्ण कामाचा दिवस बसा आणि ते कंप्युटरवर करतात ती प्रत्येक कृती लिहून काढा. 'ऑफिसचं काम' असं नाही लिहायचं. 'ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली, दोन रकाने बदलले, पीडीएफ केली, छापली, सही करून स्कॅन केली, परत पाठवली' असं लिहायचं. मग प्रत्येक कृती आपल्या यंत्रावर करून तीनच शेरे द्या: चालते, थोडी खटपट लागते, चालत नाही. गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी गेमना असेच शेरे दिले आणि ते प्रत्येक गेमच्या पानावर लावले. २०१५ ची त्यांची स्टीम मशीन अपयशी ठरली होती, कारण लिनक्सवर गेमच पुरेसे नव्हते. विंडोजसाठीचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन २०१८ मध्ये आलं, आणि त्यावर आणखी तीन-साडेतीन वर्षं काम झाल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्टीम डेक बाजारात आलं. आधी चालणाऱ्या गोष्टींची संख्या वाढवली, मग यंत्र विकलं.

नेहमी अडणाऱ्या जागा, विशेषतः विंडोज नसलेल्या यंत्रांत, ठरलेल्या आहेत.

झाकण बंद करून ठेवलेलं यंत्र. बॅटरी १०० टक्के करा, झाकण लावा, १२ तासांनी उघडा. १० टक्क्यांहून जास्त चार्ज उतरला असेल तर कुठलातरी भाग नीट झोपत नाही. संशयितांचा क्रम: एसएसडी (साठवणीचा भाग), कार्ड रीडर, वायफायचं फर्मवेअर, आणि काढता-घालता येणारे पोर्टचे तुकडे. एक भाग जागा राहिला की प्रोसेसरही खोल झोपेत जात नाही आणि बॅगेतलं यंत्र गरम होतं. जाणकार याला 'स्टँडबायचा प्रॉब्लेम' म्हणतो. सर्वसामान्य ग्राहक 'बॅटरी खराब आहे' म्हणतो आणि यंत्र परत करतो.

कॅमेरा. नव्या पातळ लॅपटॉपमधले काही कॅमेरे थेट प्रोसेसरच्या इमेज विभागाला जोडलेले असतात आणि लिनक्सवर त्यांचा आधार अर्धवट असतो. आतून यूएसबीने जोडलेला, प्रमाणित पद्धतीचा कॅमेरा थोडा जाड असतो, पण बिनतक्रार चालतो. तोच घ्या.

डॉक, म्हणजे एकाच केबलने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे लॅपटॉपला जोडणारा डबा. यूएसबी-सीमधून थेट चित्राचा सिग्नल देणारे डॉक सहसा लावले की चालतात. डिस्प्लेलिंक चिप असलेल्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो. ग्राहकाला हा फरक कधीच कळणार नाही. म्हणून तीन-चार डॉक स्वतः तपासा, त्यांची नावं मॉडेल क्रमांकासह जाहीर करा, शक्य असेल तर स्वतःच विका.

पडद्याचं रिझोल्युशन. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पडद्याचा मोठेपणा १२५ किंवा १५० टक्क्यांवर ठेवला तर काही जुने प्रोग्राम पुसट दिसतात. १४ इंचांच्या पडद्याला १९२० बाय १२०० घेतलं तर १०० टक्क्यांवर चालतं, २८८० बाय १८०० घेतलं तर २०० टक्क्यांवर. मधलं काही घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.

फाँट. समोरच्याने वर्डमध्ये कॅलिब्री वापरून पाठवलेलं पत्र तुमच्या यंत्रावर दीड पानाऐवजी दोन पानांचं झालं, तर दोष यंत्राच्या माथी येतो. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलेडिया, आणि एरियल-टाइम्सच्या मापाचे लिबरेशन फाँट कारखान्यातूनच बसवून द्या. ग्राहकाच्या मातृभाषेचा कीबोर्डही पहिल्याच सेटअपमध्ये निवडता आला पाहिजे.

छपाई. गेल्या काही वर्षांतले बहुतेक नेटवर्क प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या छपाईच्या प्रमाणित पद्धतींमुळे ड्रायव्हरविना चालतात. जुना यूएसबी प्रिंटर मात्र नशिबावर. निवडलेल्या गटात सर्रास दिसणारे १० प्रिंटर मिळवा आणि प्रत्येकावर छपाई, दोन्ही बाजूंची छपाई आणि स्कॅन असं तिन्ही करून बघा. स्कॅन विसरला जातो, हमखास.

काही गोष्टी चालणारच नाहीत. मॅक्रो (आपोआप कामं करणाऱ्या छोट्या आज्ञा) ठासून भरलेल्या एक्सेल फाइली लिबर ऑफिस या मोफत ऑफिस संचामध्ये पूर्णपणे चालत नाहीत. काही व्हिडिओ सेवा लिनक्सच्या ब्राउझरमध्ये कमी दर्जाचं चित्र देतात, कारण कॉपी-संरक्षणाची वरची पातळी तिथे उपलब्ध नसते. हे लपवू नका. उत्पादनाच्या पानावर, किमतीच्या खालीच, 'या गोष्टी चालणार नाहीत' अशी पाच-सात ओळींची यादी द्या. विक्री थोडी घटेल, परती त्याहून जास्त घटतील. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही हे टाळून चाललं नाही. २०१२ चा सरफेस आरटी विंडोजसारखाच दिसायचा, पण विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम त्यावर बसत नव्हते. पुढच्याच वर्षी त्या शिल्लक मालापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवावा लागला.

ग्राहक ज्या एका प्रोग्रामवाचून अडतो तो मिळवण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली तरी मोजा. ॲपल १९९७ मध्ये गटांगळ्या खात होती तेव्हा ऑगस्टमध्ये झालेल्या करारात मायक्रोसॉफ्टचे १५ कोटी डॉलर बातम्यांत गाजले. ग्राहकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती ती मॅकसाठी पाच वर्षं ऑफिस बनवत राहण्याची हमी. २००६ मध्ये इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर बूट कॅम्प आलं तेव्हाही तसंच. किती जणांनी त्यावर विंडोज चालवलं हा प्रश्न गौण आहे. 'जमलं नाही तर विंडोज टाकता येईल' एवढी पळवाट दिसल्यावर मॅक घ्यायची भीती कमी झाली.

पायरी ४: पहिला अर्धा तास

निवडलेल्या गटातले आठ जण बोलवा, ज्यांनी तुमचं यंत्र कधी पाहिलेलं नाही असे. प्रत्येकाला बंद खोका द्या. कामं: खोका उघडा, चालू करा, वायफाय जोडा, ईमेल सुरू करा, आलेली फाइल उघडून छापा, व्हिडिओ कॉल करून पडदा दाखवा, दुसरा मॉनिटर जोडा, झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडून कॉल पुन्हा करा. शेजारी बसलेल्याने एक शब्दही बोलायचा नाही. फक्त तीन गोष्टी टिपायच्या: कुठे थांबले, काय मोठ्याने म्हणाले, कुठे मदत मागितली.

आठांतले तीन जण एकाच जागी अडखळले तर ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय पुढची बॅच जाऊ देऊ नका. ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं त्या इंजिनिअरला निदान दोन जणांच्या वेळी मागे उभं करा. अहवाल वाचून जे होत नाही ते एवढ्याने होतं.

लिनक्स नेटबुकचं (छोट्या, स्वस्त लॅपटॉपचं) जे झालं ते याच अर्ध्या तासात झालं. २००७ च्या शेवटी आलेला आसुसचा सात इंची ई पीसी स्वस्त होता, छोटा होता, धडाक्यात खपला. पाठोपाठ इतरही उतरले. २००८ मध्ये एमएसआयच्या एका अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं की त्यांच्या लिनक्स नेटबुकच्या परती विंडोजवाल्यांच्या चौपट आहेत. लोकांनी किंमत बघून घेतलं, घरी जाऊन सुरू केलं, ओळखीचं काही दिसेना, परत दिलं. यंत्रात बिघाड नव्हता.

पायरी ५: पर्याय कमी करा

चार प्रोसेसर, चार प्रकारची मेमरी, पाच एसएसडी, सहा कीबोर्ड आणि दोन रंग ठेवले तर ९६० प्रकारची यंत्रं होतात. जाणकाराला ही मेजवानी, बाकीच्याला परीक्षा. दुकानदार तर इतके प्रकार ठेवूच शकत नाही. तीन तयार यंत्रं ठेवा, प्रत्येकाचं नाव त्यावरच्या कामावरून सुचू द्या, आणि मधलं असं ठरवा की कोणी विचार न करता घेतलं तरी तीन वर्षं पस्तावणार नाही.

जुन्या ग्राहकांचा रस्ता मात्र बंद करू नका. दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये पहिला लॅपटॉप आणला तेव्हापासून तयार यंत्र आणि स्वतः जुळवायचा संच अशा दोन वाटा ठेवल्या आहेत. आत मदरबोर्ड एकच, स्क्रू ड्रायव्हर दोन्ही खोक्यांत. भागांवर क्यूआर कोड आहेत, त्यामुळे दुरुस्तीची माहिती त्या-त्या भागावरूनच उघडते. रास्पबेरी पायने उलट्या दिशेने तेच केलं: आठ वर्षं उघडा बोर्ड (एका छोट्या पाटीवरचा संगणक) विकल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये कीबोर्डच्या आतच संगणक बसवलेलं पाय ४०० काढलं, माउस, अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि पुस्तक असा पूर्ण संचही दिला. बोर्ड विकणं थांबवलं नाही.

पायरी ६: किंमत आधी दुकानाची, मग वेबसाइटची

थेट विक्रीतली किंमत घेऊन दुकानात गेलं की हिशेब कोसळतो. समजा करांशिवाय विक्रीची किंमत १०० आहे. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, प्रमाण समजण्यापुरते.

भाग आणि जुळणी ६६, वाहतूक आणि विमा ३, पेमेंटचं शुल्क २, वॉरंटीची तरतूद ३, ग्राहक मदत ३, परतींचा तोटा ३. एकूण ८०. उरले २०, त्यातून पगार, संशोधन, जाहिरात.

आता दुकानदाराला १२ आणि वितरकाला ५ द्या. पेमेंटचं शुल्क वाचलं २. उरले ५. पण नवा ग्राहक जाणकार नाही, म्हणून मदतीचा खर्च ३ वरून ६ होतो. उरले २. आणि परती वाढतात. एका परतीमागे दोन वेळचं पाठवणं, तपासणी, नवं पॅकिंग आणि 'वापरलेलं' म्हणून कमी किमतीत विकणं धरलं तर १०० मागे सुमारे २५ जातात. परती १२ टक्के असताना हा तोटा ३ होता. २० टक्के झाल्या की ५. उरलं शून्य.

वाटा दोनच. एक, पायरी ३ आणि ४ नीट करून परती आणि फोन कमी करणं. प्रत्येक चार टक्के परती कमी झाल्या की १ परत मिळतो. दुसरी, यंत्र पहिल्यापासूनच दुकानाची किंमत धरून आखणं आणि वेबसाइटवरही तीच लावणं. वेबसाइटवर स्वस्त आणि दुकानात महाग असं केलंत तर दुकानदार तुमचं यंत्र खालच्या फळीवर ठेवेल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

पायरी ७: वाढीला लागणारा पैसा

विक्री वाढत असताना बुडालेल्या कंपन्या कमी नाहीत. १,००० यंत्रांची बॅच घ्या. ऑर्डर देताना ३० टक्के रक्कम, १२ आठवड्यांनी माल निघताना उरलेले ७० टक्के. जहाज आणि कस्टम सहा आठवडे. दुकानात खपायला सहा आठवडे. दुकानदाराची उधारी ४५ दिवस, म्हणजे साडेसहा आठवडे. पहिला पैसा बाहेर गेल्यापासून शेवटचा परत येईपर्यंत सुमारे ३० आठवडे झाले. दर १० आठवड्यांनी नवी बॅच काढायची तर तीन बॅचेसचा पैसा एकाच वेळी अडकलेला राहतो. थेट विक्रीत आगाऊ नोंदणीचे पैसे हाताशी असतात, म्हणून हा खड्डा आधी जाणवत नाही.

त्यामुळे पहिल्या दुकानाकडून उधारीचे दिवस कमी करून घ्या, त्यासाठी एखादा टक्का जास्त द्यावा लागला तरी. 'विकलं तरच पैसे' या बोलीवर माल देऊ नका. माल तुमचा, जोखीम तुमची, आणि फळीवर धूळ खाणारं यंत्र सहा महिन्यांनी जुन्या प्रोसेसरचं झालेलं असतं. दुकानाने तुमच्याकडून किती उचललं यापेक्षा दुकानातून ग्राहकाकडे किती गेलं हा आकडा दर आठवड्याला मागा. पहिला आकडा बघून पुढची मोठी ऑर्डर देणं ही नेहमीची आणि महागडी चूक आहे.

नवं मॉडेल कधी जाहीर करायचं तेही पैशाशीच बांधलेलं आहे. ऑस्बोर्न या उचलून नेता येणारे संगणक बनवणाऱ्या कंपनीने १९८३ मध्ये जुना माल शिल्लक असताना पुढच्या यंत्राची चर्चा सुरू केली, दुकानदारांनी ऑर्डरी थांबवल्या आणि सप्टेंबरमध्ये दिवाळं निघालं. तेवढंच कारण होतं असं नाही, स्पर्धाही तीव्र झाली होती. पण खेळतं भांडवल तुटपुंजं असलेल्या कंपनीला बुडवायला दोन महिन्यांची थांबलेली विक्री पुरते. सुटे भाग नव्या यंत्रातही बसत असतील तर हा धोका कमी होतो, कारण आज घेणाऱ्याला आपण फसलो असं वाटत नाही.

पायरी ८: बिघडल्यावर काय

फोन नंबर हवाच. ईमेल आणि चॅटवर जाणकार खूश असतो. ज्याचं यंत्र चालूच होत नाही तो ईमेल कुठून करणार? पहिल्या ३० दिवसांत दर १०० यंत्रांमागे किती फोन येतात ते मोजा आणि माणसं त्यावरून ठरवा.

सुट्या भागांचा साठा अंदाजाने ठेवू नका. बाहेर ३,००० यंत्रं आहेत आणि वर्षाला २ टक्के कीबोर्ड बिघडतात, म्हणजे ६०. नवे यायला १६ आठवडे लागत असतील तर त्या काळात १८-१९ लागतील. बिघाड सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून त्यावर निम्मे धरून २८ शिल्लक राहिले की ऑर्डर द्या. यंत्रं वर्षभरात दुप्पट होणार असतील तर हा आकडाही आजच वाढवायला घ्या. पुरवठादार एखादा भाग बंद करणार असं कळवतो तेव्हा वॉरंटी संपेपर्यंतचा हिशेब करून शेवटची खरेदी एकदाच करावी लागते. बॅटऱ्या मात्र अशा साठवू नका, पडून राहून त्या खराब होतात.

दुरुस्ती सोपी असेल तर तिथेच मोठ्या कंपन्यांवर मात करता येते, पण ती ग्राहकाच्या भाषेत यायला हवी. 'मॉड्युलर रचना' म्हणण्याने काही होत नाही. 'बॅटरी घरी बदलता येते, स्क्रू ड्रायव्हर खोक्यात आहे, १० मिनिटं लागतात' असं लिहा. ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरायचाच नाही त्याच्यासाठी भाग बसवून देणारी सेवा ठेवा. आणि ज्याचं काम अडतं त्याला आधी बदली यंत्र पाठवून मग जुनं मागवा. १०० ग्राहकांमागे एखादं-दुसरं बदली यंत्र फिरतं ठेवलं की सहसा भागतं.

फर्मवेअरचे अपडेट एकदम सगळ्यांना पाठवू नका. आधी १ टक्का यंत्रं, तीन दिवस थांबा, मग १० टक्के, पुन्हा तीन दिवस, मग सगळी. बॅटरी ३० टक्क्यांच्या वर आणि चार्जर जोडलेला असेल तरच बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरचा) अपडेट सुरू व्हावा. मध्येच वीज गेली किंवा बटण दाबलं तर जुनी प्रत परत यावी. ही सोय नसेल तर सर्वसामान्य ग्राहकाला बायोसचा अपडेट पाठवूच नका, सुरक्षेची अडचण असल्याशिवाय.

पायरी ९: आता लोकांना सांगा

आता कुठे जाहिरातीची पाळी. समीक्षकांना यंत्र द्यायचं ते विक्रीला जाणाऱ्या फर्मवेअरसहच. 'हे नंतर सुधारेल' असं सांगून दिलेल्या यंत्राचा लेख नंतर कोणी सुधारत नाही. कंप्युटरच्या समीक्षकांकडे तुमचं नाव आधीच असतं. निवडलेल्या गटाची माणसं जे वाचतात-बघतात तिथे जा: हिशेबनिसांचं मासिक, शिक्षकांचं संमेलन, अनुवादकांची संघटना.

मजकूर लिहिताना प्रत्येक वैशिष्ट्याला 'मग मला काय?' असं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबू नका. खुलं फर्मवेअर, मग काय? कंपनीने हात वर केले तरी दुसरं कोणी अपडेट बनवू शकेल. मग काय? पाच वर्षांनी यंत्र निकामी होणार नाही. शेवटचं वाक्य पानावर, पहिलं तांत्रिक माहितीच्या तक्त्यात.

हातात घेऊन बघता येणं अजूनही मोठी गोष्ट आहे. मोठ्या दुकानांच्या कोपऱ्यात मॅक दुर्लक्षित पडून राहत होते, विक्रेत्यांना त्यांची माहिती नव्हती, म्हणून ॲपलने मे २००१ मध्ये स्वतःची दोन दुकानं उघडली. छोट्या कंपनीला स्वतःचं दुकान परवडणार नाही. दोन-तीन चांगल्या दुकानांत एकेक यंत्र इंटरनेट, प्रिंटर आणि डॉक जोडून चालू ठेवणं परवडतं. विक्रेत्याला चारच वाक्यं शिकवा: हे कोणासाठी आहे, काय चालतं, काय चालत नाही, अडलं तर फोन कुठे. महिन्यातून एकदा जाऊन यंत्र चालू आहे ना ते बघा. बंद पडलेला नमुना कुठल्याही वाईट समीक्षेपेक्षा जास्त विक्री मारतो.

पायरी १० आणि थांबायच्या जागा

१०० यंत्रं, मग ५००, मग २,०००, असे टप्पे ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर चार आकडे बघा: ३० दिवसांतल्या परती, त्यांची कारणं ग्राहकाच्याच शब्दांत, पहिल्या महिन्यात दर १०० यंत्रांमागे फोन, आणि खोक्यातूनच बिघडलेली निघालेली यंत्रं. चौथा आकडा वाढत असेल तर दोष कारखान्यात आहे. प्रत्येक यंत्र २४ तास चालवून, बॅटरी एकदा पूर्ण उतरवून-भरून, आणि सगळे पोर्ट तपासूनच बाहेर सोडा. पहिले दोन आकडे वाढत असतील तर पायरी ३ कडे परत जा आणि नवी बॅच थांबवा. वितरक नाराज होईल, होऊ द्या.

जुने ग्राहक कुरकुरतील, की कंपनी बदलली. तयार यंत्रं त्यांच्या डोळ्यांत खुपत नाहीत. यंत्राचे तांत्रिक नकाशे, सोर्स कोड किंवा सुटे भाग मिळणं बंद झालं की खुपतं. तुटवड्याच्या काळात आधी कोणाला माल द्यायचा हेही आधीच ठरवून जाहीर करा. २०२१-२२ च्या चिप टंचाईत रास्पबेरी पायने उत्पादनांत बोर्ड वापरणाऱ्या उद्योगांना प्राधान्य दिलं, कारण त्यांचा धंदा त्यावर उभा होता. हौशी लोक दुखावले, पण कारण त्यांना उघडपणे सांगितलेलं होतं.

५०० च्या टप्प्यावर परती स्थिर झाल्या आणि ओळखीतून आलेली खरेदी दिसू लागली की दुसरा गट घ्यायचा. त्यासाठी पाच नव्या माणसांच्या शेजारी पुन्हा एक-एक दिवस बसायचं, यादी कोऱ्या कागदावर सुरू करायची. हिशेबनिसासाठी तपासलेले १० प्रिंटर शिक्षिकेच्या शाळेत सहसा नसतात.